पाचवे कारण

शेक्सपिअरच्या ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ची सुरुवातच निकाल सांगून होते. पात्रे रंगमंचावर येण्याआधी निवेदक चौदा ओळींत सगळे उरकून टाकतो: तोलामोलाची दोन घराणी, त्यांचे जुने हाडवैर, त्या घराण्यांत ग्रहांची वक्रदृष्टी घेऊन जन्माला आलेली दोन मुले, आणि ती मेल्यावरच मिटणारे वैर. १५९५ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १५९७ मध्ये प्रथम छापल्या गेलेल्या या नाटकाला त्यामुळे दैवाची शोकांतिका ही ओळख चिकटली, ती आजही सुटलेली नाही. पात्रेही तीच भाषा बोलतात. मेजवानीला जाताना रोमिओला ग्रहमानात काहीतरी अशुभ लटकलेले वाटते. ज्युलिएटच्या नात्यातल्या टिबाल्टला मारल्यावर तो दैवाच्या नावाने कपाळ बडवतो. ज्युलिएट गेल्याची बातमी येते तेव्हा तो ग्रहांनाच आव्हान देतो.

यातून निघणारा प्रश्न जितका नाट्यशास्त्राचा, तितकाच धर्माचा आहे. ललाटी लिहिलेले तेवढेच घडले असेल, तर प्रेमिकांच्या धडपडीला अर्थ काय? धडपडीला अर्थ नसेल, तर प्रेक्षकाने हळहळायचे कशासाठी? अंगावर वीज पडून माणूस मेला तर वाईट वाटते, पण त्याचे नाटक होत नाही. नाटक व्हायला माणसाने काहीतरी करावे लागते, आणि केलेले अंगावर उलटावे लागते. ॲरिस्टॉटलने शोकांतिकेची चर्चा करताना दैवाला फारसे महत्त्व दिले नाही. त्याने भर दिला तो कथानकाच्या गुंफणीवर आणि नायकाच्या हातून घडणाऱ्या प्रमादावर. ‘दैवाची शोकांतिका’ हा शब्दप्रयोग म्हणूनच जपून वापरायला हवा.

भारतीय परंपरेत या प्रश्नाची सर्वांत उपयोगी मांडणी गीतेच्या अठराव्या अध्यायात सापडते. कोणतेही कर्म सिद्धीस जायला पाच कारणे लागतात, असे तिथे सांगितले आहे. अधिष्ठान, कर्ता, निरनिराळी करणे म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवे दैव. दैव म्हणजे नेमके काय, यावर भाष्यकारांचे एकमत नाही. शंकराचार्य त्याचा अर्थ इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या सूर्यादी देवता असा करतात. रामानुजांच्या मते ते स्थान अंतर्यामी परमात्म्याचे आहे. लौकिक समजुतीत तिथे प्रारब्ध येऊन बसते. अर्थ कोणताही घेतला, तरी क्रमांक पाचवाच राहतो. दैव आहे, पण एकटे नाही, आणि पहिलेही नाही.

या पाच कारणांनी नाटकातल्या, म्हणजे व्हेरोनातल्या घटना तपासल्या तर निवेदकाने ग्रहांवर टाकलेला भार बराच हलका होतो. नाटकाचा सगळा व्यवहार रविवार सकाळ ते गुरुवार पहाट एवढ्यात आटोपतो. शेक्सपिअरने ज्या कवितेवरून कथा उचलली, त्या आर्थर ब्रुकच्या १५६२ च्या दीर्घकाव्यात हीच गोष्ट महिनोन्‌महिने चालते. हे आकुंचन नाटककाराने समजून-उमजून केले आहे. रविवारी रात्री भेट, सोमवारी दुपारी गुपचूप लग्न, आणि लगेच रस्त्यावरचा दंगा. त्यात मध्ये पडलेल्या रोमिओच्या हाताखालून टिबाल्टची तलवार मर्क्युशिओला लागते. मध्यस्थी करायला गेलेला माणूसच मित्राच्या मरणाला निमित्त होतो, आणि पुढच्या काही क्षणांत तोच टिबाल्टचा जीव घेतो. इथे ग्रह नाहीत. राग आहे आणि हातात शस्त्र आहे.

त्याच रात्री ज्युलिएटचा बाप तिचे लग्न पॅरिसशी ठरवून टाकतो. मुहूर्त गुरुवारचा. मंगळवारी मुलगी गोड बोलून होकार देते, तेव्हा खूश होऊन तो लग्न एक दिवस अलीकडे, बुधवारवर आणतो. या एका दिवसाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. हे लग्न टाळण्यासाठी फ्रायर लॉरेन्सने ज्युलिएटला दिलेले औषध बेचाळीस तास मेल्यासारखे निजवणारे आहे. मुहूर्त अलीकडे आल्याने ते तिला एक रात्र आधी घ्यावे लागते, आणि हद्दपार होऊन मांटुआत असलेल्या रोमिओला बेत कळवणाऱ्या पत्राच्या हातचा एक दिवस जातो. घरात लग्नाची घाई करणारा बाप मराठी वाचकाला ओळखीचा आहे. त्याला दैव म्हणायचे असेल, तर ते पागोटे घातलेले दैव आहे.

निव्वळ दैवाच्या खात्यावर जातील अशा गोष्टी मोजक्याच. एक म्हणजे मेजवानीची यादी घेऊन फिरणारा नोकर. त्याला वाचता येत नाही, आणि वाचून दाखवायला तो नेमका रोमिओलाच गाठतो. दुसरी म्हणजे अडकलेले पत्र. ते पोचवायचे काम असलेला फ्रायर जॉन सोबतीला दुसरा साधू शोधायला जातो. तो साधू आजाऱ्यांच्या समाचाराला गेलेला असतो. दोघेही साथीच्या घरात होते अशा संशयाने गावचे आरोग्य अधिकारी त्यांना आत ठेवून दार बंद करतात. पत्र निघतच नाही. कोल्हापूर संस्थानाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस प्लेगच्या साथी पाहिल्या, गावे ओस टाकून माणसे माळावर झोपड्यांत राहायला गेली. त्या पिढीला या प्रसंगातली धास्ती समजावून सांगावी लागली नसती. साथ कोणी पाठवली, याचे उत्तर कोणाच्याच चुकीत सापडत नाही. पाचवे कारण राहते ते इतकेच, आणि नाटकाला तेवढे लागतेही. ते काढून टाकले, तर ही बेशिस्त घराण्यांची फौजदारी कहाणी होईल.

कर्मसिद्धान्त या उरलेल्या भागालाही नियमात बसवू पाहतो. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण हे त्याचे तीन भाग. साठलेले कर्म ते संचित. त्यातले फळ द्यायला लागलेले ते प्रारब्ध. आज हातून घडते ते क्रियमाण. प्रारब्ध हा सुटलेला बाण, तो ज्ञान्यालाही परतवता येत नाही, हे वेदान्ताचे ठरलेले सांगणे. पण मग क्रियमाणाला मोकळीक किती? महाभारताच्या अनुशासनपर्वात पुरुषप्रयत्नाला शेत आणि दैवाला बी म्हटले आहे. दोन्हींवाचून पीक नाही. योगवासिष्ठ तर दैव नावाची वेगळी वस्तूच मानत नाही. त्याच्या मते जुन्या प्रयत्नालाच लोक दैव म्हणतात आणि नवा प्रयत्न त्यावर मात करू शकतो. हे तत्त्वज्ञान धीर देणारे आहे, पण शोकांतिकेला अडचणीचे. ज्युलिएटचे मरण तिच्या मागल्या जन्मीच्या कर्माचे फळ ठरवले, की हिशेब जुळतो आणि शोक संपतो. चौदा वर्षे पूर्ण व्हायला जेमतेम पंधरवडा उरलेल्या मुलीच्या बाबतीत असा हिशेब मांडणे तर्कशुद्ध असेल. माणुसकीला ते पटत नाही. नाटक उभे राहते ते या न पटण्यावर.

पंडितांच्या या चर्चेपासून दूर, दक्षिण महाराष्ट्राच्या घराघरांत दैवाचा एक वेगळाच विचार रुजलेला आहे, आणि तो बायकांनी जपला आहे. उदाहरण कागलच्या मुलखाचे. कागल हे कोल्हापूरच्या दक्षिणेला, पुणे-बेंगळुरू महामार्गावरचे तालुक्याचे गाव. पुढे थोड्याच अंतरावर कर्नाटकाची हद्द लागते. या मुलखात मूल जन्मल्यावर पाचव्या रात्री पाचवी पुजतात. पाटा-वरवंटा मांडून हळद-कुंकू वाहतात, नैवेद्य दाखवतात, दिवा तेवत ठेवतात. काही घरांत कोरा कागद आणि लेखणीही ठेवतात, कारण त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळावर त्याचा जन्म लिहून जाते अशी श्रद्धा आहे. तिचे लिहिलेले कोणाला वाचता येत नाही आणि खोडता येत नाही. इथे मागल्या जन्मीच्या कर्माची भानगड नाही. सटवाई न्यायाधीश नव्हे, कारकून आहे; का लिहिले, हे तिला कोणी विचारत नाही.

याच सटवाईची एक लोककथा इरावती कर्वे यांनी १९५० मध्ये ‘मॅन’ या मानववंशशास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. सटवाईची मुलगी रोज रात्री आई कुठे जाते म्हणून विचारते, आणि शेवटी स्वतःचेच नशीब सांगायला लावते. तिचे लग्न तिच्या पोटच्या मुलाशी होणार, असे लिहिलेले असते. ते चुकवण्यासाठी ती रानात जाऊन पुरुषाचे तोंड न पाहता राहते. पण एका राजाने चूळ टाकलेले तळ्याचे पाणी तिच्या पिण्यात येते आणि तिला दिवस जातात. झालेले मूल ती लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळून टाकून देते. ते दुसऱ्यांच्या घरी वाढते, तरुण होते, रानात तिला पाहते आणि लग्न करून घरी नेते. पुढे तो तुकडा सापडतो आणि तिला सगळे कळते. कथा इथे संपायला हवी, निदान ग्रीक कथा तरी इथे फुटली असती. मराठी कथेतली बाई मात्र लिहिले होते ते झाले असे समजून गप्प राहते आणि संसार करते. घरातली वडीलधारी माणसे तिला आशीर्वाद देतात.

हीच कथा हद्दीपलीकडे कन्नडमध्येही आहे. ए. के. रामानुजन यांना ती उत्तर कर्नाटकातल्या कित्तूरला एका अर्धअंध, निरक्षर बाईकडून ऐकायला मिळाली. चूळ भरल्या पाण्याऐवजी तिथे आंबा आहे, बाकी सांगाडा तोच. शेवट मात्र वेगळा. सत्य कळल्यावर ती बाई त्या लग्नातून झालेल्या, पाळण्यातल्या बाळाला अंगाई म्हणते, त्यात ते तिचा मुलगाही आहे, नातूही आहे आणि नवऱ्याचा भाऊही आहे. आणि मग लुगड्याचा पीळ करून आढ्याला गळफास घेते. दोन्ही कथांत दैव सारखेच खरे ठरते, अक्षरही चुकत नाही. एकीचा मात्र संसार होतो आणि दुसरीची शोकांतिका. फरक दैवात नाही. कळल्यानंतर बाई काय करते, त्यात आहे. कागल ज्या पट्ट्यात येते तिथे मराठी आणि कन्नड एकाच बाजारात बोलल्या जातात, त्यामुळे या दोन शेवटांची वाटणी भाषेच्या रेघेवर नेटकी करता येईल असे मानायचे कारण नाही. सांगणारी बदलली की शेवट बदलतो, आणि लोककथेत हे चालते. रोमिओ-ज्युलिएटच्या बाबतीतही हाच निकष लागतो. पत्र अडले हे दैव, पण बातमी कळताच विष विकत घेऊन घोड्यावर बसणे ही रोमिओची निवड. थडग्याशी तो थोडा वेळ थांबता, तर ती डोळे उघडतीच.

संस्कृत नाटकाने हा थांबण्याचा अवधी बहुतेक वेळा दिला. भरताच्या नाट्यशास्त्राचा संकेत नायकाचा वध रंगमंचावर दाखवू देत नाही. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद थोडे. तुलनेला सर्वांत जवळचे नाटक भवभूतीचे ‘मालतीमाधव’. भवभूती मूळचा विदर्भातल्या पद्मपूरचा. त्याच्या या नाटकात दोन मंत्र्यांची मुले, राजाच्या मर्जीतल्या नंदनाशी मुलीचे जबरदस्तीने ठरवलेले लग्न, आणि प्रेमिकांना मदत करणारी कामंदकी ही बौद्ध संन्यासिनी आहे. फ्रायर लॉरेन्सची आणि तिची कामगिरी जवळपास एकच. माधवाचा मित्र मकरंद तर नवरीच्या वेषात मांडवात बसतो. मालतीला बळी द्यायला नेले जाते तेव्हा माधव योगायोगानेच स्मशानात असतो, आणि पुन्हा हरवते तेव्हा सौदामिनी ही योगिनी ऐनवेळी धावून येते. योगायोग इथे व्हेरोनापेक्षा कितीतरी जास्त आहेत. सगळे प्रेमिकांच्या बाजूचे. म्हणजे दैवाचे प्रमाण वाढल्याने नाटक शोकांत होत नाही. उलट, बेतशीर वापरले तरच ते बोचते.

मराठी रंगभूमीने शोकांताशी सलगी केली ती इंग्रजी विद्येच्या पहिल्या पिढीत. विनायक जनार्दन कीर्तने यांनी वयाच्या विशीत लिहिलेले ‘थोरले माधवराव पेशवे’ १८६१ चे. त्याचा शेवट माधवरावांच्या मृत्यूत आणि रमाबाईंच्या सहगमनात होतो. १७७२ मध्ये थेऊरला माधवराव वारले तेव्हा त्यांचे वय सत्तावीस. त्यांचा क्षय हे दैव, रमाबाईंचे सती जाणे हे रूढीचे आणि निवडीचे न उलगडणारे मिश्रण. इचलकरंजीकर नाटक मंडळीने ते रंगमंचावर आणले, म्हणजे मराठीतला हा पहिला गाजलेला शोकान्त उभा करण्याचा मान कागलच्या शेजारमुलखातल्या मंडळीकडे जातो. रोमिओ-ज्युलिएटची कथाही एकोणिसाव्या शतकातच नारायण बापूजी कानिटकरांच्या ‘शशिकला आणि रत्नपाल’ या देशी पेहरावात आली. मंगेश पाडगावकरांनी मूळ नाटकाचा अनुवाद केला, तो पुष्कळ नंतरचा.

पण या विषयावरचे खरे मराठी नाटक गोविंद बल्लाळ देवलांचे ‘शारदा’, आणि ते शोकांत नाही. १८९९ च्या या नाटकात कांचनभट पैशासाठी आपली कोवळी मुलगी म्हाताऱ्या भुजंगनाथाच्या पदरी बांधायला निघतो. लग्न मोडते ते कोदंड या तरुणाने वधू-वर सगोत्र असल्याचे उघड केल्यामुळे. जात, गोत्र आणि मुहूर्त यांच्या ज्या जाळ्यात शारदा सापडली, त्यातलाच एक धागा ओढून तिला सोडवले जाते. तरी ती जीव द्यायला जाते, कारण मांडवातून उठलेल्या मुलीला पुढे काय, हे तिला माहीत आहे. कोदंड तिला वाचवतो आणि शंकराचार्यांच्या अनुमतीने त्यांचे लग्न होते. देवलांनी दाखवून दिले ते हे, की मुलीच्या कपाळी लिहिलेले म्हणून जे सांगितले जाते, त्याचा पुष्कळसा मजकूर दलालाच्या हस्ताक्षरात असतो. लग्न जुळवणारा दलाल भद्रेश्वर दीक्षित हा त्या नाटकातला सटवाई. राम गणेश गडकऱ्यांनी पुढे ‘प्रेमसंन्यासा’त विधवेच्या प्रेमाचा प्रश्न घेतला आणि शेवट शोकात केला. तिथेही त्या विधवेचे, लीलेचे, दैव म्हणजे त्या काळच्या समाजाने विधवेला नेमून दिलेली जागाच.

दैव आणि घराण्याचा हुकूम यांची ही सरमिसळ कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न कागलच्याच घराण्यातल्या माणसाने केला. कागलकर घाटग्यांच्या घरचे यशवंतराव १८८४ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले आणि शाहू महाराज झाले. १९१७ पासूनच्या दोन-तीन वर्षांत त्यांनी संस्थानात विधवांच्या पुनर्विवाहाला आणि आंतरजातीय विवाहाला कायद्याचे पाठबळ दिले. ब्रिटिश मुलखात विठ्ठलभाई पटेलांचे आंतरजातीय विवाहाचे विधेयक वादात अडकले होते. महाराज त्याच्या उघड बाजूने उभे राहिले. शिवाय त्यांनी आपल्याच नात्यातली एक सोयरीक जुळवली. कागलच्या घाटगे घराण्यातली त्यांची चुलत बहीण चंद्रप्रभाबाई आणि इंदूरचे यशवंतराव होळकर यांची. एक घराणे मराठा, दुसरे धनगर. १९२२ मध्ये महाराज वारले. लग्न १९२४ मध्ये झाले. चंद्रप्रभाबाई पुढे संयोगिताबाई होळकर म्हणून ओळखल्या गेल्या.

सुधारणेच्या इतिहासात या लग्नाला मोठे स्थान आहे आणि ते रास्तच आहे. पण गीतेची पाच कारणे इथेही लावून पाहावीत. वर पंधरा वर्षांचा, वधू त्याहून लहान. जातीची भिंत मोडली ती वडीलधाऱ्यांनी, वडीलधाऱ्यांसाठी. कर्ता या जागी दोघांपैकी कोणीच नव्हते. व्हेरोनात दोन घराण्यांचे वैर मुलांच्या प्रेतांवर मिटते. कागल-इंदुरात दोन जातींचे अंतर मुलांच्या लग्नाने मिटवायचे ठरले. दुसरी रीत कितीतरी बरी, यात शंका नाही. तरी मुलांना विचारावे असे दोन्ही ठिकाणी कोणाला सुचले नाही. पुढे हे जोडपे युरोपात वावरले, मॅन रे या छायाचित्रकाराने टिपलेली त्यांची छायाचित्रे प्रसिद्ध आहेत आणि त्यांत दोघेही एकमेकांच्या सोबतीत सुखी दिसतात. संयोगिताबाई १९३७ मध्ये पंचविशीच्या आतच स्वित्झर्लंडमध्ये वारल्या. कायद्याने आणि सोयरिकीने जे साधण्यासारखे होते ते साधले होते. हे त्यापलीकडचे होते.

आज प्रेमिकांच्या मरणाच्या बातम्या येतात, त्यांत असे पलीकडचे क्वचितच असते. नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) अडलेले पत्र नाही, साथ नाही, चुकलेली वेळ नाही. नायिकेच्या माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, चहा घेतात आणि जीव घेतात. ती गोष्ट रोमिओ-ज्युलिएटची म्हणून सांगितली जाते, पण तिच्यात पाचवे कारण जवळजवळ शून्यावर आलेले आहे. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यानुसार लग्नाआधी तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लावावी लागते. हरकत घेण्याची सोय म्हणून ठेवलेली ही मुदत घरच्यांना माग काढायलाही पुरते. इथे वेळ कमी पडत नाही, जास्त होतो, आणि तो कोणी दिला हे राजपत्रात छापलेले असते.